क्रेनचा दोर आणि कोंडवाड्यातला बैल

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणती चोरी कोणत्या गावची, कोणत्या मारामारीत कुऱ्हाड निघाली आणि कोणत्या मारामारीत नुसती काठी, हे सांगायचं झालं तर मला थांबून आठवावं लागतं. अंबड तालुक्यातल्या क्रेनच्या प्रकरणाला मात्र मी कधी अडलो नाही. ते सगळंच्या सगळं ध्यानात आहे, बैलासकट.

माझं शिक्षण चौथी पास. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार होऊन रिटायर झालो. गावातले लोक 'सहायक' गाळून नुसतं फौजदार म्हणतात, मी त्यांना दुरुस्त करत बसत नाही. लिहायची सवय स्टेशन डायरीची, तेव्हा जसं घडलं तसं लिहितो. नावं मात्र कोणाचीच घेणार नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत, त्यांची लेकरंबाळं आहेत.

जालना जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी तेव्हा जमादार होतो. वडीगोद्रीच्या अलीकडे मोठ्या रस्त्यावर एका ओढ्यावर पुलाचं काम निघालं. ओढ्यात सिमेंटचे नळे बसवायचे होते, एकेका नळ्यात माणूस न वाकता उभा राहील एवढे. ते उचलायला ठेकेदारानं क्रेन आणली. आमच्या भागातल्या लोकांनी तोवर क्रेन जवळून पाहिली नव्हती. बाजाराला आलेली माणसं मुद्दाम तिकडं चक्कर मारायची आणि तोंड वर करून उभी राहायची.

काम असं चालायचं. नळ्याला तारेचा जाड दोर घालायचा, दोराची टोकं क्रेनच्या आकड्यात अडकवायची आणि उचलायचं. नळा हवेत गेला की गरगरतो. म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना साधा दोर बांधून खाली एकेक माणूस उभा करायचा. त्यानं दोर ताणून नळा सरळ ठेवायचा. क्रेनवाल्याला वरून खालचं सगळं दिसत नाही, म्हणून समोर एक माणूस इशाऱ्याला. त्याचा हात वर असला की उचलायचं, हात खाली आला की सोडायचं, मूठ मिटली की थांबायचं. इंजिनाचा आवाज एवढा, की तोंडानं बोललेलं कोणाला काही ऐकू जात नाही. सगळं हातावर.

मोठ्या शहरात ही दोराची कामं खलाशी करतात. खलाशी म्हणजे जहाजावरचाच असं नव्हे, अवजड माल उचलण्यात ज्याची उमर गेली तो. ठेकेदारानं सुरुवातीला थोडे खलाशी आणले होते. ते दुसऱ्या कामावर गेले आणि त्यांच्या जागी आजूबाजूच्या गावांतली माणसं लागली. सगळी शेतकरी माणसं, अंगात ताकद असलेली, दोराची सवय असलेली. मुकादम त्यांच्यातलाच, आणि इशाऱ्यालाही तोच उभा राहायचा.

त्या दिवसांत मी वडीगोद्रीला गस्तीला गेलो की चहाच्या टपरीवर बसायचो. पोलिसानं टपरीवर बसावं, तिथं जेवढं कळतं तेवढं दहा समन्स काढून कळत नाही. माझ्या ध्यानात आलं की पुलाच्या कामावरच्या माणसांत कोणाचा ना कोणाचा हात बांधलेला आहे. चहाचा ग्लास डाव्या हातानं धरायचे आणि उजवा हात मांडीवर उताणा ठेवायचे. कोणाचं नख गेलेलं, कोणाच्या बोटाचं पेर चेंगरलेलं, कोणाच्या तळहाताची साल निघालेली.

एकाला म्हटलं, "काय रे, हात कशात घातला व्हता?"

"घातला न्हाई जमादार, दोरानं वढून घेतला."

दुसरा हसला. "त्याची सासू बी असंच वढून घेती त्याला. सवय हाय त्याला."

हसण्यावारी गेलं. आमच्याकडचा कष्टाचा माणूस हाताला लागलं म्हणून कधी फिर्याद देत नाही. चुना-हळद लावतो, चिंधी बांधतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. फिर्याद नाही म्हणजे कागद नाही, आणि कागद नाही म्हणजे काही झालंच नाही.

मग एक दिवस अंबडच्या सरकारी दवाखान्यातून ठाण्याला खबर आली. पुलाच्या कामावरचा एक माणूस दाखल आहे, उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तुटलं आहे, आणि क्रेनवाल्यानं हे मुद्दाम केलं असं तो म्हणतो.

ह्या माणसाला मी खोंडवाला म्हणतो, कारण पंचक्रोशीत त्याची ओळखच ती होती. न शिकलेला, औताला न लागणारा, शिंगं मारणारा खोंड कोणाच्या दावणीला असला की लोक ह्याला बोलवायचे. हा तो खोंड घेऊन नांगरटीत उतरायचा आणि चार-आठ दिवसांत शेळीगत करून परत द्यायचा. घरची थोडी कोरडवाहू जमीन, तिच्यात कापूस. शेतातलं काम हातावेगळं झालं म्हणून पुलावर आल्ता. मुकादम त्याचा सख्खा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्यानंच लावलं होतं.

मी जबाब घ्यायला गेलो. हाताला मोठं बांधलेलं होतं, तोंड पांढरं पडलेलं. उशाशी त्याची बायको बसली होती.

"जमादार, मी वरडलो. होऽ होऽ म्हणून वरडलो. त्यानं थांबवलंच न्हाई. वढीतच ऱ्हायला."

"मुद्दाम कशावरून?"

बायकोच मधे बोलली. "दादा, त्याच्या क्रेनीचं काळं तेल आमच्या कडब्यावर सांडलं व्हतं. बैलानं तोंड लावलं न्हाई कडब्याला. हे बोलाया गेले तर दोघांची गचांडी धराधरी झाली. समद्या गावानं बघितलंय."

मी खोंडवाल्याला विचारलं, "दोर हाताला गुंडाळला व्हता का?"

त्यानं मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, जशी काय मी त्याच्या आईला शिवी दिली. "दोर कसा धरावा ते मला इचारताव? मला?"

पण पट्टी जिथं संपत होती तिथं मनगटापाशी, हाताच्या वरच्या अंगाला, दोराचा काळानिळा वळ होता. नुसता मुठीत धरलेला दोर तळहात सोलतो. तो वरच्या अंगाला वळ उठवत नाही. मीही शेतकऱ्याच्याच पोटचा. वळ बघितला आणि जबाबात तो सांगेल तेच लिहून घेतलं.

ठाण्यात परत येतो तर वडीगोद्रीचा न्हावी वाट बघत बसलेला. ह्या माणसानं मला बऱ्याच खबरा दिल्यात. दाढी करताना लोक बोलतात आणि हा ऐकतो.

"जमादार, उद्या बाजार हाय. खोंडवाल्याचे भाऊ अन् गावचे गडी क्रेनवाल्याला बाजारात धरणार हायेत. लोहाराच्या ऐरणीवर हात ठिवून त्याची बी दोन बोटं घ्यायची ठरलीत. घन कुणी मारायचा ते सुदिक ठरलंय."

"थट्टेत बोलत असतील."

"थट्टेत बोलणारा माणूस दाढी अर्धी सोडून उठत न्हाई, जमादार."

मी फौजदार साहेबांना सांगितलं. साहेब तरुण होते, नवीन आलेले, पण ऐकून घेणारे होते. आम्ही जीप घेऊन गेलो आणि क्रेनवाल्याला ताब्यात घेऊन आलो. त्यानं विचारलं नाही की कशाला नेता. डबा घेतला, क्रेनला कुलूप लावलं आणि बसला.

हा हैदराबादकडचा माणूस, पन्नाशीला आलेला. त्याला समोर बसवलं. मी त्याला दम दिला, समजावलं, चहा पाजला. माझा अनुभव असा, की गुन्हा केलेला माणूस चहा गार होऊ देतो. ह्यानं गरम गरम पिला आणि कप खाली ठेवून म्हणाला, "मैं इशारे का हाथ देखताऊँ साब. हाथ ऊपर था. मैं उठाया."

"तो ओरडत होता."

"इंजन के सामने कान काम नै करते. पाइप के पीछे कौन है, मेरेकू दिखताच नै."

"मुकादम गावभर सांगतोय, मी मूठ मिटली होती."

त्यानं आपला डावा हात टेबलावर ठेवला. तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. "मैं भी खलाशी था साब. जिसका हाथ गया, वो दूसरे का हाथ नै लेता."

आता असं बोलणं कोर्टात चालत नाही. एका बाजूला फिर्यादी, भांडणाचं कारण, इशाऱ्याला उभा असलेला माणूस आणि कामावरचे सगळे साक्षीदार. दुसऱ्या बाजूला हा परमुलुखातला एकटा. साहेब म्हणाले, "जमादार, कलम तीनशे सव्वीस लावू आणि उद्या कोर्टात उभा करू. आत असलेला बरा. बाहेर राहिला तर हात जाईल त्याचा."

ते बोलले त्यात चुकीचं काही नव्हतं. पण तीनशे सव्वीस म्हणजे जाणूनबुजून घातक हत्यारानं जबर दुखापत. त्यात आत गेलेला गरीब माणूस जामीन द्यायला कोणी नसलं की आतच राहतो. मी म्हटलं, "साहेब, उद्या दुपारपर्यंत मला द्या. सगळ्या गड्यांचे जबाब मी स्वतः घेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम आणि त्याचे गडी ठाण्यात आले. आधी मुकादमाला घेतलं. चुणचुणीत माणूस, तोंडात सारखं पान. त्यानं घडाघडा सांगितलं, की मी थांबायची मूठ दाखवली, क्रेनवाल्यानं बघितली आणि तरी उचललं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. बाकीच्यांचा एकच पाढा: "आमी काय बघितलं न्हाई, मुकादम म्हणतो तेच खरं." सगळे सारखंच बोलतात तेव्हा त्यांनी काही बघितलेलं नसतं, आधी बसून बोललेलं असतं.

ठाण्याला लागून गावचा कोंडवाडा होता. त्यात तेव्हा एक मोकाट बैल होता. कोणाच्यातरी ज्वारीत शिरला म्हणून आणून घातलेला, मालकाचा पत्ता नाही. दांडगा होता आणि रखवालदाराला जवळ येऊ देत नव्हता. माझ्या डोक्यात खोंडवाल्याच्या मनगटावरचा तो वळ बसला होता. मी रखवालदाराला सांगून बैल बाहेर काढवला आणि आवारातल्या लिंबाखाली आणला.

गड्यांना म्हटलं, "ह्याचा पंचनामा करायचाय. दावं तुटलंय, बांधता येत न्हाई. जबाब लिहून होईस्तोवर धरा जरा आळीपाळीनं."

शेतकरी माणूस बैल धरायला नाही म्हणत नाही. पहिल्यानं कासरा घेतला आणि बोलता बोलता तळहाताला दोन वेढे दिले. त्याला आत जबाबाला बोलावलं तेव्हा त्यानं कासरा दुसऱ्याला दिला. दुसऱ्यानं घेतला आणि दोन वेढे दिले. तिसऱ्याचं बोट आधीच बांधलेलं होतं, त्यानं त्या बांधलेल्या हातालाच वेढे दिले. मी जबाब लिहिल्यासारखं करत होतो आणि खिडकीतून बाहेर बघत होतो. एकानंही वेढा दिल्याशिवाय कासरा धरला नाही. त्यांच्यातल्या कोणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, मी नुसता धरला होता. आणि त्यात तो खोटं बोलला नसता. ह्या गोष्टी हात करतो, माणसाला माहीत नसतं.

शेवटी मी शिपायाला सांगून क्रेनवाल्याला कोठडीतून बाहेर काढलं. "हे घे, तू धर."

त्यानं कासरा घेतला. वेढा दिला नाही. दोर तळहातावरून मोकळा सोडला, अंगठा बाहेर, आणि स्वतः बैलाच्या रेषेतून बाजूला सरकून उभा राहिला. बैलाला कळलंच की धरणारा नवा आहे. त्यानं एक हिसडा दिला. क्रेनवाल्यानं त्याच क्षणी हात उघडला. बैल सुटला तो शिपायांच्या लाइनीत वाळत घातलेल्या कपड्यांत घुसला आणि शिंगावर एका हवालदाराची खाकी चड्डी घेऊन कोंडवाड्याभोवती पळायला लागला.

सगळे हसून हसून खाली बसले. "आरं, बैलाची भरती झाली!" कोणीतरी ओरडलं. "पट्टा द्या त्याला, पट्टा!"

मुकादम सगळ्यात जास्त हसत होता. मला म्हणाला, "ह्याला काय धरणं म्हणताव जमादार? ह्याला सोडणं म्हणत्यात. म्या आमच्या गड्यांला पयल्याच दिवशी सांगून ठिवलंय, बैलाचा कासरा धरता तसाच दोर धरायचा, जीव गेला तरी सोडायचा न्हाई..."

बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. तोंड उघडंच राहिलं. ज्याचं बोट बांधलेलं होतं तो आपल्या हाताकडे बघायला लागला.

मी मुकादमाला मागच्या खोलीत नेलं. दार लावलं नाही, काठी घेतली नाही. पाणी दिलं. जो माणूस स्वतःच्याच बोलण्यानं अडकलाय, त्याला मारायची गरज नसते, त्याच्याजवळ बसायची गरज असते.

"दाजीनं गुंडाळला व्हता ना?" मी विचारलं.

"समदेच गुंडाळत्यात." आवाज खाली गेल्ता. "मला तरी कुठं ठावं व्हतं? पुलावरच्या इंजिनेर साहेबानं म्हणलं, गड्यांला काम समजून सांग. म्या आमच्या बोलीत समजून सांगितलं. नळा सुटला तर खाली माणूस मरतंय. म्हणून म्हणलं, सोडू नका."

"आणि तुझा हात?"

त्यानं पाणी खाली ठेवलं. मी वाट बघितली.

"दाजीचा आवाज आला. होऽ होऽ. मला वाटलं, कुणाचा बैल उधळला. म्या मागं वळून बघितलं, बैल कुठंय म्हणून. हात वरच ऱ्हायला जमादार. माझा हात वरच ऱ्हायला." पान थुंकायचंही त्याच्या ध्यानात नव्हतं, लाल ओघळ हनुवटीवर आला. "अक्काला कसं सांगू? माझ्याच बहिणीचं कुंकू, अन् मीच..."

"म्हणून क्रेनवाल्यावर ढकललं."

"तो जाईल निघून त्याच्या मुलखात. मला इथंच ऱ्हायचंय."

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी मुकादमाचा जबाब नव्यानं घेतला. कागद झाला, पण बाजार भरून राह्यला होता आणि क्रेनवाल्याला जन्मभर काही कोठडीत ठेवता येणार नव्हतं. गावातली माणसं पोलिसांच्या कागदावर घन खाली ठेवत नाहीत. त्यांना एकच माणूस थांबवू शकत होता, आणि तो दवाखान्यात पडला होता.

मी गेलो आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. बायको ऐकत होती. भावाचं नाव आल्यावर तिनं पदर तोंडाशी नेला. खोंडवाला छताकडे बघत होता.

"म्हंजी त्यानं मुद्दाम केलं न्हाई."

"त्याला तू दिसतच नव्हतास. त्याला तुझा मेव्हणा दिसत होता."

"मी वरडलो जमादार. बैल असता तर थांबला असता."

"थांबला असता. बैलाला तुझा आवाज कळतो, तुझा हात कळतो. तू वेढा देतोस तो त्याच्या भरवशावर देतोस."

तो बांधलेल्या हाताकडे बघून म्हणाला, "क्रेनला वेसण नसती."

"न्हाई."

"मंग गावात काय सांगू मी? लोकाचे खोंड शिकिवणाऱ्याचा हात दोरानं खाल्ला म्हणून? उद्या पोरंसोरं हसतील. बोटं गेली ती गेली, वर इज्जत बी घालवू?"

मला राग आला. मी म्हटलं, "तुझ्या इज्जतीपायी एक माणूस ऐरणीवर हात ठेवणार हाय. तुझे भाऊ जेलात जाणार हायेत. तुला पटत असंल तर पडून ऱ्हा."

मी उठलो. त्याच्या बायकोनं मला थांबवलं. ती नवऱ्याशी बोलली, माझ्याशी नाही. "धनी, चपला घाला."

डॉक्टर रागावले. जबाबदारी माझी असं मी लिहून दिलं आणि जीपमधून त्याला वडीगोद्रीला आणलं.

बाजार ऐन भरात होता. लोहाराच्या पालासमोर त्याचे भाऊ आणि गावचे पंधरा-वीस गडी बसले होते, उगाच विळे-खुरपी चाळवत. खोंडवाला जीपमधून उतरला. चालताना झोक जात होता, पण कोणाला धरू दिलं नाही. चौकातल्या टपरीच्या ओट्यावर चढला.

"ऐका रं," तो म्हणाला. आवाज फार नव्हता, पण बांधलेला हात बघून लोक गप्प झाले. "क्रेनवाल्यानं मला काय केलं न्हाई. दोर मीच हाताला गुंडाळला व्हता."

त्याचा थोरला भाऊ उठला. "पोलिसानं पढवलं व्हय तुला?"

"कुणी पढवलं न्हाई. मला कुणी पढवतंय का?"

एक म्हातारा पुढं आला, हातात मिरच्यांची पिशवी. "आरं बाबा, उमर गेली तुझी खोंडामागं, अन् लेकरावाणी दोर गुंडाळलास?"

मला वाटलं, संपलं. हा आता मागं फिरतो.

खोंडवाला त्याला म्हणाला, "व्हय तात्या, गुंडाळला. तुमी बी गुंडाळता. ही पिशवी कशी धरलीय बघा जरा."

म्हाताऱ्यानं पिशवीचे बंद मनगटाला दोन वेढे देऊन धरले होते. लोकांनी बघितलं. म्हाताऱ्यानंही बघितलं. कोणी हसलं नाही.

"त्याच्या अंगाला कुणी हात लावला," खोंडवाला म्हणाला, "तर मी कोर्टात त्याच्या बाजूनं उभा ऱ्हाईन. सख्खा भाऊ असला तरी." एवढं बोलून तो ओट्यावर बसला, कारण उभं राहवत नव्हतं. टपरीवालीनं त्याच्या डाव्या हातात चहा दिला.

मी नोकरीत दरोडेखोर धरले, सुरे हिसकावले. पण त्या दिवशी त्या ओट्यावर जेवढी हिंमत बघितली तेवढी फार वेळा बघितली नाही.

क्रेनवाल्याला संध्याकाळच्या आत सोडून दिलं. पुढं आम्ही निष्काळजीपणाचं कलम लावून दोषारोपपत्र पाठवलं, त्यात मुकादम होता आणि पुलावरचा इंजिनिअरही होता. इंजिनिअरला घ्यायला साहेब आधी तयार नव्हते. मी हट्ट धरला. इशाऱ्याला नवखा माणूस कोणी उभा केला, काम समजावून सांगायचं काम मुकादमावर कोणी टाकलं, हातमोजे कोणी दिले नाहीत, ह्याची उत्तरं मुकादमाजवळ नव्हती, इंजिनिअरजवळ होती. साहेबांनी शेवटी सही केली. निकाल लागेपर्यंत माझी भोकरदनकडे बदली झाल्ती. दंड झाला एवढं कळलं. माझ्या मतानं कमी झाला.

मुकादमानं पुलाचं काम सोडलं. दाजीच्या शेतात औत धरायला तोच जायचा. पहिल्या हंगामात बहीण त्याच्याशी बोलायची नाही, बांधावर भाकरी ठेवून निघून जायची. मग हळूहळू बोलायला लागली.

खोंडवाल्याचं खोंड शिकवणं कायमचं सुटलं. तीन बोटांच्या हातात वेसण बसत नाही. पण पुलावर त्याला परत बोलावणं आलं, क्रेनवाल्याकडून. त्यानं ठेकेदाराला सांगितलं होतं, इशाऱ्याला हाच आदमी हवा, नाहीतर क्रेन चालू करणार नाही. मी बदलीआधी एकदा जाऊन बघितलं. खोंडवाला उन्हात उभा होता, आधी दोन्ही दोरांवरच्या माणसांच्या पंजाकडे निरखून बघायचा, एकेकाला ओरडायचा, "मोकळा धर! वेढा काढ आधी!" आणि मगच आपला तो हात वर करायचा.

मला लोक विचारतात, फौजदार, एवढी नोकरी केली, काय शिकला? आता कोणतीही नवी भरतीची पोरं भेटली की मी त्यांना ह्या प्रकरणातलं एक सांगतो. एका जागी चार जणांना अंगाला एकाच ठिकाणी मार लागला असेल, तर मारणारा हुडकू नका, शिकवणारा हुडका. आणि तो सापडला की त्याच्यावर काठी उगारायच्या आधी जरा बघा. बहुतेक वेळा त्यानं वाईट शिकवलेलं नसतं. जे एका जागी जीव वाचवतं तेच त्यानं भल्यापोटी दुसऱ्या जागी शिकवलेलं असतं.